बोअर-टँकरचं जड पाणी आणि राठ झालेले केस : आधी मोजणी, मग उपाय

सोनटक्का (धागा सुरू केला)

पुण्यात खडकवासल्याचं पालिकेचं पाणी मऊ. पण वाघोली, उंड्री या बाजूच्या कितीतरी सोसायट्यांना ते पुरत नाही. बोअर आणि टँकर एकाच टाकीत पडतात आणि केसांची तक्रार तिथून सुरू होते. अशाच एका टाकीच्या पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल देते. सामू (पीएच) सोडून सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर, कठीणता आणि अल्कता (पाण्याची आम्ल जिरवण्याची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात:

एकूण कठीणता (पाण्याचा जडपणा) ५४० (कॅल्शियमची ३००, मॅग्नेशियमची २४०)
अल्कता ३१०
क्लोराइड १८०
लोह ०.१
टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ८१०
सामू ७.६

लक्षणं नेहमीचीच: शाम्पूला फेस कमी, धुतल्यावर केस एकाच वेळी चिकट आणि राठ, फणी मध्येच अडकते, रंग लावलेला असेल तर लवकर उतरतो. सोसायटीचा सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) सभेत मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर एका घरापुरतं काय करता येतं? शॉवरला लावायच्या फिल्टरने खरंच काही होतं का? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

---

ब्युरेट

अहवाल जोडलात हे फार चांगलं केलंत. या विषयावरच्या निम्म्या चर्चा मोजणी न करताच होतात.

भारतीय मानक १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणता २०० पर्यंत स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे ५४० चं पाणी कागदावर 'चालतं'. पण तो निकष पोटासाठी आहे, केसांसाठी नाही. १५० च्या आसपासच साबणाचा साका (न विरघळणारा पांढरट गाळ) दिसू लागतो, ३०० च्या पुढे लांब केसांना फरक स्पष्ट कळतो.

दुसरं म्हणजे, टीडीएस मीटर कठीणता मोजत नाही. तो पाण्याची वीजवाहकता मोजून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज सांगतो. मीठ किती आणि चुना किती, हे त्याला कळत नाही. ८१० टीडीएसच्या दोन पाण्यांत एकाची कठीणता १५० आणि दुसऱ्याची ५४० असू शकते, आणि केसांवर दोन्हींचा परिणाम अगदी वेगळा होतो.

घरी मोजायचं तर थेंबांचा कठीणता-किट घ्या. त्यात तीन बाटल्या असतात: अमोनियाचं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक आणि ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणाऱ्या रसायनाचं द्रावण. किटवर लिहिलेल्या खुणेपर्यंत पाणी घ्या, बफर घाला, दर्शक घाला. पाणी वाइनसारखं लालसर होतं. मग ईडीटीए थेंबाथेंबाने घालत हलवत राहा. लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबा. जांभळा म्हणजे निळा नव्हे, घाईत तिथेच थांबलं की आकडा कमी येतो. शाळा-कॉलेजात ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडणारी नळी) मिळत असेल तर ५० मिली नमुना आणि ०.०१ मोलर ईडीटीए घ्या. जितके मिली लागले, त्याला २० ने गुणा. तुमच्या पाण्याला २७ मिली लागेल.

एवढंही नको असेल तर अर्धा लिटरच्या बाटलीत निम्मं पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा किस टाका, झाकण लावून जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी मऊ. दुधट पाणी आणि वर दह्यासारखे कण आले तर जड. शाम्पूने ही चाचणी करू नका. कारण निवळी सांगतीलच.

---

निवळी

सांगते. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचा सोडियम क्षार. कॅल्शियम भेटला की तो न विरघळणारा चुना-साबण होऊन बसतो. न्हाणीघराच्या फरशीवर आणि बादलीच्या कडेला बसणारा पांढरट चिकट थर तोच. ५४० कठीणतेचं एक लिटर पाणी साधारण ३ ग्रॅम साबण नुसता साक्यात घालवतं, फेस त्यानंतर सुरू होतो. बादलीभर पाण्याचा हिशेब तुम्हीच करा.

शाम्पूत साबण नसतो. सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा त्याच्या जातकुळीतली द्रव्यं असतात. त्यांचे कॅल्शियम क्षार बऱ्यापैकी विरघळतात, म्हणून साका होत नाही, फक्त फेस उतरतो. शाम्पूने बाटलीतली चाचणी फसवी ठरते ती यामुळे.

त्यामुळे पहिला नियम: जड पाण्यात केसांना साबणाची वडी लावायची नाही. 'हाताने बनवलेली नैसर्गिक केसांची वडी'सुद्धा नाही, जर ती तेल आणि कॉस्टिकपासून केलेली असेल. वेष्टनावर 'सोडियम पामेट', 'सोडियम कोकोएट' किंवा 'सॅपोनिफाइड ऑइल' असं लिहिलेलं असेल तर तो साबणच. सल्फेट-मुक्त शाम्पू मात्र सगळे साबण नसतात, त्यांतले बरेचसे जड पाण्यात नीट चालतात.

---

गंगावन

केसात नेमकं काय होतं ते लिहितो, म्हणजे उपायांची निवड सोपी जाईल.

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक खवले असतात. केसाचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या सामूला त्यावर निव्वळ विद्युत भार नसतो तो, ३.७ च्या जवळ. त्याहून जास्त सामूच्या पाण्यात, म्हणजे घरातल्या कुठल्याही पाण्यात, केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे दुहेरी धन भाराचे. ते तिथे जाऊन चिकटतात आणि साध्या पाण्याने निघत नाहीत. रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंग झालेल्या केसांत अशा ऋण जागा जास्त तयार होतात, म्हणून तेच केस जास्त क्षार ओढतात. लांब केसांची टोकं तीन-चार वर्षांची असतात, दर धुण्याला थोडा थोडा थर घेत आलेली. मुळाशी केस बरे आणि टोकाला झाडू, असं दिसतं त्यात हाही भाग आहे.

आणखी एक गोष्ट, जी सोपी असूनही सुटते. धुऊन पिळल्यावर लांब केसांत १०० मिली पाणी राहिलं असं धरा. ते वाळताना पाणी उडून जातं, क्षार कुठे जाणार? ५४० च्या हिशेबाने जवळजवळ ५४ मिलिग्रॅम चुन्याइतका माल केसांवरच राहतो. कोरड्या नळावर पांढरे डाग पडतात तसाच. म्हणून शेवटचं पाणी कोणतं होतं याला फार महत्त्व आहे.

---

पाणपोई

शॉवर फिल्टरबद्दल. यात तीन प्रकारचा माल भरलेला असतो.

एक, तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे कण, कॅल्शियम सल्फाइट किंवा कोळसा. हे क्लोरीन काढतात, आणि ते काम ठीक करतात. कठीणतेला हात लावत नाहीत. दोन, 'खनिज गोळे', रंगीत दगड, जीवनसत्त्वाच्या काड्या. यावर बोलायला काही नाही. तीन, खरंच आयन-विनिमयाचं रेझिन, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून बदल्यात सोडियम सोडणारे बारीक मणी. हे तत्त्वतः बरोबर, पण जागेचा हिशेब बघा. एक लिटर रेझिन मिठाच्या पाण्याने ताजं केल्यावर व्यवहारात सुमारे ५० ग्रॅम कठीणता पकडतं. हातात मावणाऱ्या फिल्टरमध्ये रेझिन १०० मिली धरू, म्हणजे ५ ग्रॅम. तुमच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये ०.५४ ग्रॅम. नऊ लिटरमध्ये, म्हणजे अर्ध्या बादलीत तो फिल्टर संपला. पाकिटावर 'सहा महिने चालेल' लिहिलेलं असतं, आणि सहा महिने पाणी वाहत राहतं हे खरं, पण जसंच्या तसं.

पाइपला बाहेरून लावायचे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक पट्ट्या यांच्या आधी आणि नंतर थेंबांचा किट लावून बघा. आकडा बदलत नाही. पॉलिफॉस्फेटचे गोळे गिझरच्या कॉइलवर थर बसू देत नाहीत, त्या कामाला ते चांगले. पण कॅल्शियम पाण्यातच राहतो.

---

सोनटक्का

म्हणजे फिल्टर बाद. पाणी उकळून घेतलं तर? आणि तुरटी फिरवण्याचा सल्ला घरोघरी मिळतो, त्याचं काय?

---

ब्युरेट

तुमच्या अहवालातच उत्तर आहे. अल्कता ३१० म्हणजे बायकार्बोनेट तेवढं. उकळल्यावर तेवढीच कठीणता खाली बसू शकते, हिला तात्पुरती कठीणता म्हणतात. ५४० उणे ३१०, उरलेली २३० कायमची, क्लोराइड आणि सल्फेटच्या रूपातली. ती कितीही उकळली तरी जात नाही. शिवाय साध्या उकळण्याने कॅल्शियम बसतो, मॅग्नेशियम फारसा बसत नाही, आणि तुमच्याकडे मॅग्नेशियमच २४० आहे. आपल्या बेसॉल्टच्या कातळातल्या पाण्यात मॅग्नेशियमचा वाटा असा बरेचदा मोठा असतो. थोडक्यात ५४० चं पाणी उकळून २५० ते ३०० वर येईल. अर्धं काम.

करायचंच तर नीट करा: खळखळ उकळी आल्यावर १० मिनिटं, मग झाकून पूर्ण थंड, किमान तीन-चार तास न हलवता. वरचं पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून दुपदरी सुती कापडातून गाळा. तळाचं पेलाभर पाणी टाकून द्या. नुसतं गरम करून लगेच वापरलं तर चुन्याची पांढरी भुकटी पाण्यातच तरंगत असते आणि ती केसांत जाते. गिझरचं पाणी उकळलेलं नसतं, हेही लक्षात असू द्या.

तुरटी गढूळपणा खाली बसवते, कठीणता नाही. उलट ती बायकार्बोनेटचं सल्फेट करते, म्हणजे तात्पुरत्या कठीणतेचा काही भाग कायमच्या कठीणतेत जातो. धुण्याचा सोडा कठीणता खरंच काढतो, पण पाण्याचा सामू ११ च्या घरात नेतो. कपड्यांना चालेल, केसांना अजिबात नाही. खाण्याचा सोडाही नको.

---

निवळी

एका घरापुरता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय गंगावन यांच्या हिशेबातून निघतो: सगळी अंघोळ मऊ पाण्याने करायची गरज नाही, शाम्पू कालवायला आणि शेवटी ओतायला मिळून दीड लिटर मऊ पाणी पुरतं. घरात आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी याहून चांगलं, फक्त पहिले दोन-तीन जोरदार पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या आणि साठवलेलं पाणी झाकून ठेवून दोन दिवसांत संपवा.

क्रम असा ठेवा.

कोरडे असतानाच केस मोठ्या दातांच्या फणीने सोडवून घ्या. जड पाण्यात ओला गुंता सोडवणं म्हणजे केस तोडणं. खोबरेल लावायचं तर धुण्याआधी, अर्धा तास किंवा आदल्या रात्री, तळहातावर पसरेल एवढंच. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि पाण्याने होणारी फूग कमी करतं. पण थापलं तर शाम्पू दुप्पट लागतो आणि फायदा तिथेच संपतो.

शाम्पू थेट डोक्यावर ओतू नका. मगमध्ये १०० ते १५० मिली आरओचं पाणी घ्या, त्यात ८ ते १० मिली शाम्पू कालवा आणि ते टाळूवर घाला. मऊ पाण्यात कालवलेला शाम्पू कमी लागतो. मग टाकीच्या पाण्याने धुवा, हवं तेवढं.

कंडिशनर कानाच्या खालच्या लांबीला, दोन मिनिटं. त्यातली धनभारित द्रव्यं केसांवरच्या त्याच ऋण जागांवर बसतात ज्यांच्यावर कॅल्शियमला बसायचं असतं. पुन्हा टाकीच्या पाण्याने धुवा आणि केस हाताने पिळून घ्या. पिळणं टाळू नका.

शेवटी मऊ पाणी, अर्धा लिटर, हळूहळू, मुळापासून टोकापर्यंत. पिळा. पुन्हा अर्धा लिटर. एकदम एक लिटर ओतण्यापेक्षा दोनदा अर्धा अर्धा जास्त काम करतो. केसात १०० मिली जड पाणी असेल आणि नीट मिसळलं तर एका लिटरने ते अकरा पटीने विरळ होतं, दोन अर्ध्यांनी सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस पटीने. ५४० चं पहिल्यात ४९, दुसऱ्यात १५, त्यात आरओच्या पाण्याची स्वतःची थोडी कठीणता.

टॉवेलने खसाखसा पुसू नका. दाबून टिपा.

---

पाणपोई

यात एक जोड: आरओचं वाया जाणारं पाणी केसांना वापरू नका. 'पाणी वाचवू' म्हणून बरेच जण तेच बादलीत भरून ठेवतात. तीन लिटरमधून एक लिटर शुद्ध निघत असेल तर उरलेल्या दोन लिटरची कठीणता दीडपट, म्हणजे तुमच्याकडे ८०० च्या आसपास. ते फरशीला आणि फ्लशला. एसीतून ठिबकणारं पाणी मऊ असतं, पण ते धूळ, बुरशी आणि तांब्या-अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून येतं. तेही नको.

---

सोनटक्का

शेवटच्या पाण्याने नवीन थर थांबेल. आधीच बसलेला थर कसा काढायचा? लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक अॅसिड, प्रत्येकाचं प्रमाण जो तो वेगळं सांगतो.

---

निवळी

दोन रस्ते आहेत.

पहिला, धातू पकडणारा शाम्पू. वेष्टनावर 'कीलेटिंग' लिहिलेलं असतं. 'क्लॅरिफाइंग' म्हणजे तो नव्हे: क्लॅरिफाइंग तेल आणि सिलिकॉन काढतो, चुना नाही. घटकांत डायसोडियम ईडीटीए, टेट्रासोडियम ईडीटीए, सोडियम ग्लुकोनेट, फायटिक अॅसिड यांपैकी काहीतरी यादीत बऱ्यापैकी वर हवं. यादीच्या अगदी शेवटी ईडीटीए जवळजवळ प्रत्येक शाम्पूत असतो, तो शाम्पू टिकावा म्हणून, केसांसाठी नव्हे. लावून तीन ते पाच मिनिटं थांबा, धुवा, नंतर कंडिशनर लावाच. सुरुवातीला आठवड्यातून एकदा असं तीन-चार वेळा, पुढे महिन्यातून एक-दोनदा. रोज नको, केस कोरडे पडतात आणि लावलेला रंगही उतरतो.

दुसरा, सायट्रिक अॅसिड. किराणा दुकानात 'लिंबूसत्त्व' म्हणून मिळतं. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा सपाट पाव भाग. शाम्पूनंतर केसांवर ओतून दोन मिनिटं ठेवा, मग कंडिशनर आणि नेहमीचं शेवटचं पाणी.

---

ब्युरेट

इथे एक दुरुस्ती सुचवतो, कारण याच ठिकाणी लोक टाळू जाळून घेतात. एक ग्रॅम कोणत्या पाण्यात?

तुमच्या टाकीच्या पाण्याची अल्कता ३१०. ती आम्लाचा बराच भाग खाऊन टाकते. त्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम घातलं की सामू ४ च्या जवळ थांबतो, आपल्याला हवा तिथेच. तेच १ ग्रॅम आरओच्या पाण्यात घातलं तर तिथे आम्ल खाणारं काही नसतं, सामू ३ च्याही खाली जातो. आरओच्या लिटरला दोन चिमटींत येईल एवढंच पुरे, ०.१ ग्रॅमच्या आसपास. शंभराच्या आत मिळणाऱ्या सामूच्या कागदी पट्ट्या घेऊन ठेवा. लक्ष्य ४ ते ४.५. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं का, याचं उत्तर हेच: प्रत्येकाचं पाणी वेगळं असतं आणि सांगताना ते कुणी सांगत नाही.

लिंबाच्या भाषेत: एका रसदार कागदी लिंबाचा साधारण १५ मिली रस म्हणजे ०.८ ते १ ग्रॅम सायट्रिक आम्ल. टाकीच्या एका लिटरला एक लिंबू, रस कापडातून गाळून. पांढरं व्हिनेगर असेल तर लिटरला १५ मिली. व्हिनेगर सामू उतरवतं, पण कॅल्शियम धरून ठेवायला सायट्रिक जास्त सरस.

---

गंगावन

आणि लिंबाचा रस कपाळावर, मानेवर राहू देऊन उन्हात जाऊ नका. त्यातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात, फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात. लिंबू वापरलंत तर नंतर भरपूर पाण्याने धुणं सक्तीचं. टाळूवर जखम, पुरळ, सोरायसिस असेल तर कुठलंच आम्ल नको. लहान मुलांच्या डोक्यावर तर हे प्रयोग करूच नयेत, त्यांना शेवटचा तांब्या मऊ पाण्याचा एवढं बास.

---

मोरपीस

शिकेकाई-रिठ्याचा उल्लेख अजून आला नाही. त्यांचा फेस सॅपोनिन या वनस्पतीतल्या फेसाळ द्रव्याचा, त्याचा कॅल्शियमशी साका होत नाही. शिवाय दोन्ही आम्लधर्मी. साबण नव्हता त्या काळात विहिरीच्या जड पाण्यावर शिकेकाई चालत होती, ती यामुळेच. लांब केसांना ३० ग्रॅम शिकेकाई आणि ४-५ बिया काढलेले रिठे ६०० मिली मऊ पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळा आणि दोनदा गाळा. गाळण्यात आळस केला तर चोथ्याचे कण केसांत अडकतात आणि दोष पाण्यावर जातो. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं.

लोहाची एक गोष्ट. ज्या बोअरचं पाणी बादलीत रात्रभर ठेवल्यावर तांबूस होतं, त्यात लोह आहे. शिकेकाई, आवळा, मेंदी यांतल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) लोह मिळून काळा-निळा रंग तयार होतो. पिकल्या केसांवर मेंदीचा तांबडा रंग हवा असताना मळकट काळपट रंग येतो तो यामुळे. मेंदी नेहमी आरओच्या पाण्यात, थोडा लिंबाचा रस घालून, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात भिजवावी. लोखंडी कढईत भिजवायची ती काळसर छटा मुद्दाम हवी असेल तरच. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे मेंदीचा आंबटपणा मरतो आणि रंग फिका बसतो, हेही खूप जणींच्या लक्षात येत नाही.

---

पूर्णाकाठ

वरची सगळी चर्चा पुण्याच्या कातळातल्या पाण्याला लागू आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्याला ती जशीच्या तशी लावू नका. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीतलं पाणी मुळात खारं आहे, नुसतं जड नाही. तिथे सोडियम क्लोराइड भरपूर, पाणी चवीला मचूळ किंवा सरळ खारट. अशा पाण्यावर सॉफ्टनर बसवला तर तो कॅल्शियम काढून सोडियमच देतो. मीठ होतं तेवढंच राहतं आणि केस वाळल्यावरचा खरखरीतपणाही. तिथे उपाय दोनच, आरओ किंवा धरणाचं नळाचं पाणी. केस धुण्यापुरतं दोन लिटर पिण्याच्या पाण्यातलं बाजूला काढणं हेच तिथे शहाणपणाचं.

कोकणच्या खाडीकाठच्या विहिरींनाही उन्हाळ्यात हेच होतं. जांभ्यातलं पाणी एरवी मऊ, पण एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. म्हणून क्लोराइडचा आकडा बघितल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नये.

---

पाणपोई

शंभर टक्के सहमत. तुमच्याकडे क्लोराइड १८० आहे, म्हणजे सॉफ्टनर चालेल.

सोसायटीचा होईपर्यंत न्हाणीघराच्या नळाला जोडायचा हाताने चालणारा छोटा सॉफ्टनर हा मधला मार्ग आहे. ४ लिटर रेझिनचा घेतला तर २०० ग्रॅम क्षमता, ५४० च्या पाण्याला ३७० लिटर. फक्त केस धुण्याला वीस लिटर धरले तर अठरा धुणी.

रेझिन संपल्यावर मिठाने पुन्हा भरायची पद्धत: आधी उलट्या दिशेने पाणी सोडून दहा मिनिटं रेझिन धुवा, म्हणजे अडकलेला गाळ निघतो. ६०० ग्रॅम मीठ ६ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, कापडातून गाळा आणि ते अर्ध्या तासात हळूहळू रेझिनमधून जाऊ द्या. सगळ्यात जास्त चूक इथे होते. पाच मिनिटांत मिठाचं पाणी ओतून मोकळे झालात तर मीठ गटारात आणि रेझिन अर्धं रिकामं. नंतर २० ते २५ लिटर साध्या पाण्याने धुवा, चव खारट लागेनाशी होईपर्यंत. मीठ स्वच्छ खडेमीठ घ्या. मातकट मिठाचा चिखल रेझिनवर बसतो.

पुढे काय बिघडतं? लोह असलेलं पाणी रेझिनला तांबूस करतं आणि क्षमता घटते, तिथे आधी लोहाचा फिल्टर हवा. जास्त क्लोरीनने रेझिनचे मणी मऊ पडून फुटतात. टँकर बदलला, कठीणता ७०० झाली आणि भरण्याचं वेळापत्रक जुनंच राहिलं, तर शेवटचे कित्येक दिवस जड पाणीच येत असतं. आणि हमखास येणारी तक्रार: 'सॉफ्टनर बसवूनही टीडीएस तेवढाच आहे, फसवलं.' फसवलेलं नाही. कॅल्शियम जाऊन तेवढाच सोडियम येतो, टीडीएस बदलत नाहीच. किट निळा दाखवतो का ते बघा.

---

सोनटक्का

केस गळण्याबद्दल कुणीतरी स्पष्ट लिहा. 'पाणी बदललं आणि केस गळायला लागले' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं.

---

गंगावन

जड पाण्याने केस तुटू शकतो, मुळापासून गळण्याचा पुरावा नाही. दोन्हींत फरक करणं सोपं आहे. फणीतला केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलेला आहे. गाठ नाही आणि तुकडा आखूड आहे, तर तुटलेला. तुटलेले जास्त असतील तर वरचे सगळे उपाय कामाचे.

तुटण्याबद्दलही संशोधनाचा कौल एकमुखी नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोइम्बतूरच्या अभ्यासात जड पाणी आणि शुद्ध पाण्यात ठेवलेल्या केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ च्या पाकिस्तानातल्या अभ्यासात जड पाण्याने ताकद कमी झालेली दिसली. दोन्हींत कापलेले केस पाण्यात ठेवले होते. टाळू आणि केसांची मुळं यांत आलीच नाहीत. राठपणा आणि गुंता मात्र नक्की वाढतो, आणि गुंता ओढून सोडवताना केस तुटतो.

गाठ असलेले केस दिवसाला ५० ते १०० जाणं सामान्य आहे. त्याहून बरेच जास्त, सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ जात असतील तर पाण्याला दोष देत बसू नका. ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, झटपट वजन घटवणं यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. नोकरीसाठी शहर बदललं, जेवण बदललं, झोप बिघडली आणि पाणीही बदललं, यांत पाणी तेवढं डोळ्यांना दिसतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. भांग रुंद होत चालला असेल तर वाट पाहूच नका. त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच चांगले लागू पडतात.

कोंड्याचंही तसंच. कोरडी पांढरी भुकटी मऊ पाण्याने दोन-तीन वेळा धुतल्यावर गेली तर ती साबण-क्षाराची. पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि खाज असेल तर तो सेबोरिक कोंडा. त्याला २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून, असं चार आठवडे लागतं. लिंबाने तो जात नाही.

---

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचे दोन प्रश्न. कठीणता किती वेळा मोजायची? आणि सॉफ्टनरचं पाणी पिण्याला, झाडांना चालतं का?

---

ब्युरेट

बोअरचं पाणी वर्षात दोनदा तरी मोजा: मेमध्ये, पातळी सगळ्यात खाली असताना, आणि ऑक्टोबरमध्ये, पावसाने भरल्यावर. यंत्राचा आकार मेच्या आकड्यावर ठरवा. टँकरचं पाणी मात्र स्रोत बदलला की मोजा. नमुना टाकीत मिसळायच्या आधी टँकरच्या नळीतूनच घ्या आणि तारीख लिहून वहीत नोंद ठेवा. सभेत सॉफ्टनरचा विषय निघेल तेव्हा ती वही कामाला येईल.

सॉफ्टनर प्रत्येक १०० कठीणतेमागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम घालतो. तुमच्याकडे ५४० ला सुमारे २५० मिलिग्रॅम. रक्तदाब, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि तान्ह्या बाळांसाठी ते पिण्यात-स्वयंपाकात नको. पिण्याची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा, किंवा नंतर आरओ ठेवा. कुंड्यांनाही नको, सोडियमने माती घट्ट होते. तुळशीला टाकीचं जड पाणीच घाला.

---

पाणपोई

आणि भरताना निघणारं मिठाचं पाणी बागेच्या आळ्यात सोडू नका, थेट ड्रेनेजमध्ये. सोसायटीचा प्लँट असेल तर ते पाणी सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत एकदम न सोडता दिवसभरात थोडं थोडं सोडायला सांगा, नाहीतर तिथले जिवाणू मार खातात.